माणसं आपल्याशी बोलत नाहीत म्हणणाऱ्या सुपरवायझरसाठी

आमची माणसं मनातलं काही सांगतच नाहीत, डायरेक्ट गैरहजर राहतात नाहीतर डायरेक्ट काम सोडून सुरतला निघून जातात, ही तक्रार जळगाव एमआयडीसीत चटईवाल्यांकडे जा, डाळ मिलवाल्यांकडे जा, धुळ्याला अवधानला जा, सगळीकडे ऐकू येते. आणि तक्रार करणारा सुपरवायझर बहुतेक वेळा चांगलाच माणूस असतो, त्याने मीटिंगमध्ये सांगितलेलं पण असतं की बाबांनो काही अडचण असली तर या, मोकळेपणाने बोला, माझ्या केबिनचं दार उघडंच आहे. कोणी येत नाही. का येत नाही ते आधी बघू, मग काय करायचं ते.

आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. तुमच्या लाइनवरचा पोरगा यावल तालुक्यातला असेल तर त्याच्या गावात तुमची आत्या दिलेली असते, नाहीतर तुमच्या साडूचं शेत त्याच्या शेताच्या बांधाला लागून असतं. साहेबाला सांगितलं म्हणजे संध्याकाळच्या आत गावच्या पारावर गेलं अशी त्याला भीती असते आणि ती भीती खोटी नाही. दारू, कर्ज, बायको माहेरी जाऊन बसलीये, पोरीचं जमलेलं लग्न मोडलंय, यातलं एक जरी गावात गेलं तरी माणसाला खाली मान घालून फिरावं लागतं. म्हणून तो आधी तुमचं तोंड बंद राहतं का ते बघतो, आणि हे तो कित्येक महिने बघत असतो, दुसऱ्याच्या गोष्टीचं तुम्ही काय करता त्यावरून. टपरीवर चहा पिताना तुम्ही हसत हसत म्हणालात ना की अरे त्याचं घरी जमत नाहीये, म्हणून तोंड पाडून फिरतोय, तर ऐकणारे चौघं तुमच्याबरोबर हसतील, पण त्याच मिनिटाला चौघांनी ठरवलेलं असतं की याला काही सांगायचं नाही.

तर पहिलं काम हे. कोणाचं काही कळलं तर ते तुमच्यापाशी राहू द्या. घरी बायकोलाही सांगू नका (हे सगळ्यात अवघड, मला माहितीये), कारण तिची मैत्रीण त्याच्या वहिनीची बहीण निघते. मालकाला किंवा प्लांट हेडला सांगायचं तर कामापुरतंच सांगा, "घरगुती कारण आहे, दोन आठवडे त्याला फर्स्ट शिफ्ट देतोय, प्रॉडक्शनला फरक पडणार नाही" एवढं बस झालं. मालक खोदून विचारेल, आपले मालक विचारतातच, तेव्हा सरळ म्हणायचं की शेठ, त्याने विश्वासाने सांगितलंय, कामाचं मी बघतो. चांगला मालक असेल तर त्याला हे ऐकून बरंच वाटतं, उद्या त्याचं गुपितही तुमच्यापाशी राहील हे त्याला कळतं.

कुठं आणि कधी बोलायचं

केबिनमध्ये नको. काचेच्या केबिनमध्ये कोणाला बोलावलं की पूर्ण शॉप फ्लोअरला दिसतं, बाहेर आला की दहा जण विचारतात काय झालं रे, झापलं का. टपरीवरही नको, तिथं कान जास्त. शिफ्ट सुटताना पार्किंगपर्यंत बरोबर चालत जा, नाहीतर स्टोअरमध्ये माल मोजायच्या निमित्ताने बरोबर थांबा, डिस्पॅचची गाडी भरून होईपर्यंत उभं राहायचंच असतं तेव्हा बोला. समोरासमोर खुर्चीवर बसून डोळ्यात बघत बोलायची आपल्या माणसांना सवय नाही, ती चौकशी वाटते, शेजारी शेजारी चालताना माणूस पटकन बोलतो. उन्हाळ्यात मात्र दुपारी यार्डात नेऊ नका कोणाला, ४४-४५ अंशात कोण मन मोकळं करणार, सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी बोला. महिन्याची शेवटची तारीख, ऑडिटचा दिवस, मशीन बंद पडलेलं असताना, या वेळा सोडूनच द्या.

लेडीज स्टाफशी बोलायचं असेल आणि तुम्ही पुरुष असाल तर बंद खोलीत एकटीला बोलावू नका, आणि म्हणून बोलणंच टाळू पण नका, बरेच जण तेच करतात आणि मग त्या बाईची अडचण कायम अर्धवट राहते. चौघांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बोला, पॅकिंग सेक्शनच्या कोपऱ्यातलं टेबल, ऑफिसचा व्हरांडा. तिला आधी विचारा की ताई, तुमच्याबरोबर कोणी असलेलं हवंय का. कित्येक गोष्टी ती सीनियर बाईशीच बोलेल, तुमच्याशी नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, तुम्ही फक्त त्या सीनियर ताईला थोडा अधिकार द्या, म्हणजे हाफ डे वगैरे देण्याचा, नाहीतर ती बिचारी ऐकून घेते आणि पुढे काही करू शकत नाही.

सुरुवात कशी करायची

"काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नही भो, ठीक शे." कॅशियर असो की हेल्पर. कारण प्रॉब्लेम आहे म्हटलं की तो स्वतःच प्रॉब्लेम ठरतो. त्यापेक्षा तुम्हाला जे दिसलंय ते सांगा, साध्या शब्दात आणि दोष न देता. असं काहीतरी:

"या आठवड्यात तू दोनदा उशिरा आलास, डबा पण आणत नाहीयेस. तुझं असं नसतं कधी. काय व्हयनं भो? सांगायचं नसेल तर नको सांगूस, मी फक्त विचारून ठेवतोय."

यात तीन गोष्टी आहेत बघा, तुम्ही लक्ष देताय हे कळतं, तो मुळात चांगला कामगार आहे हे तुम्हाला माहितीये हे कळतं, आणि न सांगायची मोकळीक मिळते. ती मोकळीक खरी असली पाहिजे. तो नाही म्हणाला तर विषय तिथंच सोडा आणि मशीनचं काहीतरी बोला. दोन-चार दिवसांनी तोच येतो कित्येकदा, "ते तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं ना..." असं म्हणत.

अहिराणी, म्हणजे आपली खानदेशी बोली, येत असेल तर बोला, अमळनेर-पारोळा-साक्रीकडच्या माणसाचा चेहरा त्याच्या भाषेत विचारलं की वेगळाच होतो. येत नसेल तर उगाच नाटकी अहिराणी मारू नका, ते चेष्टा केल्यासारखं वाटतं. चोपडा, शिरपूर, धडगावकडची पावरा-भिल्ल आदिवासी पोरं असतील तर मराठी त्यांची दुसरी भाषा आहे हे डोक्यात ठेवा, ती गप्प असतात म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही असं नाही. त्यांच्यातलाच कोणी दुभाषा लागला तर तो त्यांनी निवडलेला असू द्या, कॉन्ट्रॅक्टरचा मुकादम तर अजिबात नको, निम्म्या वेळी त्रास त्या मुकादमाचाच असतो.

आणि वयाचं. तुम्ही डिप्लोमा करून पंचविशीत इन्चार्ज झालात आणि लाइनवर पन्नाशीतले नाना आहेत, तर नाना तुम्हाला घरचं रडगाणं सांगणार नाहीत, त्यांच्या पोराच्या वयाचे तुम्ही. अशा वेळी आधी तुम्ही त्यांच्याकडे जा, कामातलं काहीतरी विचारायला, "नाना, हा डाय सारखा का अडकतोय, तुमच्या हाताला बरोबर कळतं." असं आठ-पंधरा दिवस झालं की मग एखाद्या वेळी "नाना, गुडघा जास्त दुखतोय का?" विचारलं तर उत्तर मिळतं. अहो-जाहो सोडू नका, पद कुठलंही असो.

ऐकताना

गप्प बसा. खरंच सगळ्यात मोठी अडचण हीच आहे की आपल्याला लगेच सल्ला द्यायचा असतो, "अरे त्यात काय, माझ्या मावसभावाचं पण असंच झालं होतं" म्हणून आपण आपलीच स्टोरी सुरू करतो आणि समोरचा मग नुसता हो हो करत राहतो. तो थांबला तरी लगेच बोलू नका, दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, खरी गोष्ट त्या थांबण्याच्या नंतर येते. मोबाइल खिशात, वाजला तर कट करा, त्याच्या समोर कट करा. मग एवढंच विचारा: "मी नुसतं ऐकून घेऊ की यात माझ्याकडून काही व्हायला हवंय?" बऱ्याचदा नुसतं ऐकूनच घ्यायचं असतं. "मग त्याला खरं काय लागतंय" हे त्याच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही रजा देऊन मोकळे व्हाल आणि त्याला उलट रजा नकोच असते, घरातल्या कटकटीतून तो कामावर येऊनच जरा सुटत असतो.

इथल्या माणसाचं टेन्शन कुठून येतं ते माहीत असलेलं बरं. आपल्या निम्म्या स्टाफचं मन शेतात असतं, हे मी कोणाला नावं ठेवायला म्हणत नाहीये. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात निसवलेली, म्हणजे घड लागलेली, केळी आडवी होते, वर्षाचा पैसा एका रात्रीत गेला, आणि दुसऱ्या दिवशी तो सातच्या शिफ्टला उभा असतो. कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून म्हातारा बाप फोनवर फोन करतोय. बचत गटाचा, मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याला आणि पगार महिन्याला. वादळाची बातमी आली की त्या गावच्या पोरांना सकाळीच विचारा, "बाग उभी आहे ना?" याला कुठलं ट्रेनिंग लागत नाही.

एक गोष्ट मात्र इथं जरा लांबवर सांगतो कारण ती कोणी बोलत नाही. मे महिन्यातली नाइट शिफ्ट. पोरगा सकाळी सुटतो, पत्र्याच्या भाड्याच्या खोलीवर जातो, दहा वाजेपासून पत्रा तापायला लागतो, बारा वाजता लाइट जाते, त्याला सलग तीन तास झोप लागत नाही. असे आठ दिवस झाले की तो चिडतो, चुकतो, पहाटे मशीनवर डुलकी घेतो, आणि सुपरवायझर म्हणतो पोरगं मोबाइल बघत बसतं दिवसभर. त्याला नीट विचारलं तर कळेल, "झोपतोस कुठं दिवसा?" हा प्रश्न मला तरी सगळ्यात कामाचा वाटतो उन्हाळ्यात. आणि याचं उत्तर तुमच्या हातात आहे, मे महिन्यापुरत्या रात्री आलटून पालटून द्या, कंपनीत ट्रेनिंग रूम दिवसा रिकामी असेल तर कूलर लावून तिथं झोपू देता येतं का विचारा. मालकाला हे दयामाया म्हणून सांगू नका, हात मशीनमध्ये जायचा धोका म्हणून सांगा, लवकर मंजूर होतं.

मग करायचं काय

ऐकून घेतलं आणि पुढे काहीच हललं नाही तर पुढच्या वेळी तो बोलणार नाही. म्हणून छोटं का होईना, तारखेसकट काहीतरी सांगा. "बघतो" म्हणू नका, आपल्याकडे बघतो म्हणजे नाही हे लहान पोरालाही कळतं. "ॲडव्हान्सचं मी उद्या अकाउंट्सला विचारतो आणि परवा संध्याकाळी तुला हो की नाही सांगतो" असं. आणि परवा संध्याकाळी खरंच सांगा, नाही असलं तरी.

स्वतःच्या खिशातून पैसे उसने देऊ नका. दोनशे-पाचशे ठीक, पण दहा हजार दिलेत की तुम्ही सावकार झालात, तो तुम्हाला बघून रस्ता बदलायला लागतो. त्यापेक्षा त्याच्या हक्काचं काय आहे ते त्याला सांगा, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ज्याचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापली जाते त्याला आजारपणात डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळू शकतात, फक्त आधीच्या सहा महिन्यांच्या हिशोबात ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन भरलेलं हवं. स्लिपवर कट दिसतो, त्याचं काय मिळतं ते कोणी सांगितलेलं नसतं, आणि पोरगं टायफॉइडमध्ये तसंच कामावर येतं. पीएफमधून आजारपणासाठी, लग्नासाठी पैसे काढता येतात, एचआरवाल्याला त्याच्याबरोबर बसवून फॉर्म भरून द्या, पोराला नुसतं "ऑनलाइन कर" म्हणू नका.

मन खचल्याचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. नंबर नोटीस बोर्डावर लावा म्हणजे कोणाला मागावा लागणार नाही. धुळ्याच्या आणि जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यासाठी अर्धा दिवस सुट्टी लागली तर रजिस्टरवर "दवाखाना" एवढंच लिहा.

जे स्वतःपाशी ठेवायचं नाही

वर म्हटलं तोंड बंद ठेवा, पण तीन गोष्टींना ते लागू नाही आणि हे बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगितलेलं बरं, "बाकी सगळं माझ्यापाशी राहील, पण कोणाच्या जीवाला धोका असेल तर मला गप्प बसता येणार नाही."

पहिलं, कोणी जीव द्यायची भाषा करत असेल. "आता काही राहिलं नाही", "मी नसलो तर बरं" असं कोणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरून विषयही बदलू नका, सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का मनात?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट विचारणारा कोणी भेटला म्हणून माणूस सुटतो जरा. मग त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच्यासमोर १४४१६ ला फोन लावायचा, घरचं कोण जवळचं वाटतं ते त्यालाच विचारून त्या माणसाला बोलवायचं, दवाखान्यात बरोबर जायचं. घरी शेतात फवारणीचं औषध पडलेलं असतं, ते उचलायला घरच्यांना सांगा. त्या दिवशीचं टार्गेट गेलं तर जाऊ द्या.

दुसरं, बाईने छेडछाडीचं, कोणी अंगचटीला आल्याचं सांगितलं तर ते तुम्ही आपसात मिटवायचं प्रकरण नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती लागते, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. तिला हे सांगा, लिहायला मदत लागली तर द्या, "जाऊ दे ताई, तो तसाच आहे" हे वाक्य तोंडातून काढू नका.

तिसरं, कोणी पिऊन मशीनवर येत असेल. दया आली तरी त्या दिवशी मशीनवर नको, घरी सोडा, बोलणं दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना.

नाही कसं म्हणायचं

मोकळं बोलायचं म्हणजे सगळ्याला हो म्हणायचं असं नाही. होळीला सातपुड्याकडची सगळी माणसं होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासूनच गावी, आखाजीला (अक्षय तृतीयेला) बायकांना माहेर, श्रावणात कानबाई देवीच्या रोटाच्या सणाला अख्खी भाऊबंदकी एका घरात, सगळ्यांना तेच दिवस हवे असतात. पंचांगात या तारखा वर्षभर आधी छापलेल्या असतात भो, तरी दर वर्षी मॅनेजरला होळीच्या आदल्या दिवशी धक्का बसतो. जानेवारीत सगळ्यांना एकत्र बसवून विचारा कोणाला काय लागतं, त्यांचं त्यांनाच ठरवू द्या या वर्षी कोण थांबणार आणि बदल्यात दिवाळीला कोण जाणार. तरीही कोणाला नाही म्हणायची वेळ आली तर खरं कारण सांगा, "तुम्ही तिघं एकाच मशीनचे आहात, दोघं गेले तर लाइन बंद पडते," आणि जमणारं काय ते पण सांगा.

घरची अडचण आणि काम ही दोन बोलणी वेगळी ठेवा. दोन महिने सवलत दिली, तरी रिजेक्शन वाढतच असेल तर तेही बोलावं लागतं, फक्त त्यात त्याने सांगितलेलं घरचं काढायचं नाही. "तुझं घरचं टेन्शन आहे म्हणून तुझ्याकडून होत नाहीये" असं म्हटलंत तर त्याला वाटतं सांगितलं तेच चुकलं. अप्रेझलच्या वेळी तर हे अजिबातच डोक्यात आणू नका, कोणाचं लग्न ठरतंय, कोणाला दिवस गेलेत, कोणाचा बाप आजारी आहे म्हणून प्रमोशन दुसऱ्याला, हे माणसं विसरत नाहीत.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात. ग्रुपवर कौतुक करा, चूक कधीही ग्रुपवर टाकू नका, फोटो काढून तर नाहीच. रात्री अकराला "उद्या भेट मला" एवढाच मेसेज टाकून झोपू नका, तो रात्रभर जागा राहतो. आणि घरचं काही मेसेजवर लिहून मागू नका, लिहिलेलं फॉरवर्ड होतं.

स्वतःबद्दल पण थोडं बोला, रोज नाही. "आज घरी आईची शुगर वाढलीये, माझं लक्ष थोडं कमी आहे, चिडलो तर सांगा" असं इन्चार्जने म्हटलं की बाकीच्यांना कळतं इथं असं म्हणता येतं. पण तुमचं सगळं दुःख त्यांच्यावर ओतू नका, त्यांना तुम्हाला नाही म्हणता येत नाही. आणि काही माणसांना कामावर घरचं बोलायचंच नसतं, आठ तास काम, डबा, घर, त्यातच त्यांना बरं वाटतं, त्यांच्या मागे लागू नका.

डायरीत फक्त नाव आणि वार लिहा, "शुक्रवार, विचारायचं", काय ते लिहू नका, डायरी टेबलावर राहते. शुक्रवारी खरंच विचारा, "आईचा रिपोर्ट आला का?" आणि तुमची बदली झाली किंवा दुसरा इन्चार्ज आला तर हँडओव्हरमध्ये मशीनचं, मालाचं, पेंडिंगचं सगळं द्या, माणसांच्या गोष्टी देऊ नका. ज्याची सवलत चालू आहे त्याला आधी विचारा, नवीन साहेबांना मी किती सांगू, की तूच सांगतोस, आणि तो म्हणेल तेवढंच सांगा.